सुमन तोंड उघडते आणि लोक हसतात, काय करू?

पत्र :

"ताई, मी नाशिकची, वय २७, दिवसा आयटीत नोकरी आणि संध्याकाळी हौशी ग्रुपबरोबर तालीम. एका एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही ४५ मिनिटांची एक बसवतोय, त्यात मी एकटीच दोन भूमिका करतेय. एक फ्लॅटमधली मालकीण आणि दुसरी तिच्याकडे धुणंभांडी-फरशी करणारी सुमन. कपडे बदलायला वेळच नाही, ओढणी कमरेला बांधली की सुमन, खांद्यावर मोकळी सोडली की मालकीण, बाकी सगळं आवाजावर आणि चालण्यावर. सुमनसाठी मी कमरेत वाकते, आवाज घोगरा करते आणि 'न्हाई, व्हय, म्या' असं बोलते. मालकिणीसाठी मान वर, नाकातून आवाज, मधेमधे इंग्लिश. दिग्दर्शक म्हणतो अजून गावठी कर. पण घरच्यांसाठी एक रनथ्रू केला तर सुमनने तोंड उघडलं की लोक हसायचे, ती पोराच्या आजारपणाचं सांगते तिथेसुद्धा हसले. एक मैत्रीण म्हणाली की ही चेष्टा केल्यासारखी वाटते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून त्यावरून प्रॅक्टिस करू का? आणि दर तालमीनंतर घसा बसतो त्याचं काय करू? – ओढणीवाली, नाशिक"

अगं ओढणीवाली,

मैत्रीण बरोबर बोलतेय. दिग्दर्शकाला हे वाचून दाखवू नकोस लगेच, आधी तालमीत करून दाखव, म्हणजे भांडण वाचेल.

लोक का हसले ते आधी बघू. तुझं टायमिंग चुकलं म्हणून किंवा तू लाऊड झालीस म्हणून नाही हसले (लाऊड झालीच असशील, पण ते नंतर). आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या कानाला पिढ्यानपिढ्याची सवय आहे, लोकनाट्य, सिनेमे, मग टीव्हीवरची स्किट्स, सगळीकडे 'व्हय जी' आलं की त्याच्या मागून विनोद येतो हे त्याला पाठ झालंय. तू पहिल्याच वाक्यात 'व्हय' म्हणतेस आणि तो बिचारा तयार होऊन बसतो, आता पंच येणार, आता येणार, आणि मग तू पोराच्या तापाचं बोलतेस तरी त्याचं तोंड आधीच उघडलेलं असतं. त्यात तू वाकलेलीस आणि आवाज घोगरा, म्हणजे तिन्ही पाट्या एकाच वेळी गळ्यात, ही गरीब आहे, ही अडाणी आहे, हिला हसा.

तर पहिलं काम, तीन चतुर्थांश गावठी काढून टाक. अजून गावठी कर म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचार, सुमन कुठली? गाव कुठलं? कारण आपल्या रंगमंचावर जी गावठी बोलली जाते ना ती कुठल्याच गावची नसते, थोडी साताऱ्याची, थोडी कुठल्यातरी सिनेमातली, वर 'म्या' आणि 'तुमास्नी' शिंपडलेलं. नाशिकमध्ये घरकाम करणारी बाई इगतपुरी-त्र्यंबक बाजूची असू शकते, खानदेशातून आलेली असू शकते जिच्या घरात अहिराणी बोलतात, किंवा दुष्काळात मराठवाडा सोडून आलेली असू शकते जी 'काय करायलाव?' म्हणेल. विदर्भातली असती तर 'काय करून राहिले?' म्हणाली असती आणि डोळ्याला डोया म्हणाली असती, रायगडची आगरी बाई डोला म्हणेल. ही सगळी माणसं गरीब असू शकतात आणि त्याच भागातला शंभर एकरवाला बागायतदारही अगदी तसाच बोलू शकतो! म्हणजे हे लकबीचं बोलणं भूगोल सांगतं, पैसा नाही सांगत. आणि आपल्याकडे बोलण्यावरून लोक गावाच्या आधी जात ओळखायला बघतात, हे तुला, मला, परीक्षकांना सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. संहितेत सुमनचं गाव-घर लिहिलेलं नसेल तर लेखकाबरोबर बसून ठरवा, आणि ठरवल्यावर दोन किंवा तीनच ध्वनी घे, समजा ण चा न आणि एखादं क्रियापदाचं रूप, बस. पण ते मात्र शेवटपर्यंत घट्ट धरायचं. दहा लकबी घेऊन पाचव्या मिनिटाला बेअरिंग (म्हणजे पात्राचं धरलेलं बोलणं-चालणं) सुटण्यापेक्षा दोन धरलेल्या बऱ्या.

आता तुझ्या खूप कामाला येईल असं एक सांगते. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषेच्या अभ्यासकाने तीन मोठी दुकानं निवडली. सॅक्स श्रीमंतांचं, मेसीज मधल्या लोकांचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. तिथल्या विक्रेत्यांना तो असंच काहीतरी विचारायचा की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' यावं, कारण त्यात दोन ठिकाणी 'र' आहे आणि त्या काळात न्यूयॉर्कमध्ये हा र स्पष्ट म्हणणं प्रतिष्ठेचं होतं, साधी माणसं तो खाऊन टाकायची. उत्तर मिळालं की हा ऐकू न आल्यासारखं करून परत विचारायचा, मग ते नीट सावकाश सांगायचे. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांच्या बोलण्यात कुठे ना कुठे र आला, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये २० च्या आसपास. आणि दुसऱ्यांदा सांगताना र वाढला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सॅक्सच्या काउंटरवरची पोरगी काही श्रीमंत नव्हती, विक्रेतेच सगळे, पण ज्या गिऱ्हाइकासमोर दिवसभर उभं राहायचं त्याचं बोलणं तिच्या तोंडात बसलेलं.

हे उचल आणि तसंच्या तसं सुमनला दे. सुमन किती वर्षं फ्लॅटमध्ये काम करतेय? मग ती मालकिणीसमोर चोवीस तास 'न्हाई' कशाला म्हणेल गं? ती म्हणेल 'नाही'. निदान म्हणायचा प्रयत्न करेल. तुझ्या एकांकिकेत सुट्टी मागायचा प्रसंग नक्की असणार, अशा एकांकिकेत तो असतोच. तिथे हे करून बघ.

सुमन फरशी पुसतेय, मान खाली. "उद्या येनार न्हाई मी." मालकीण फोनमध्ये. "हं?" सुमनचा हात थांबतो. "उद्या... येणार नाही ताई. जरा काम आहे."

एवढंच. पहिल्यांदा आतून आलेलं, दुसऱ्यांदा साफसूफ करून दिलेलं. वाक्य तेच, फक्त न चा ण झाला, न्हाई चं नाही झालं, शेवटी 'ताई' चिकटलं आणि न विचारता कारण आलं. समोरचीने एक 'हं' म्हटलं आणि हिला स्वतःचं बोलणं इस्त्री करावं लागलं, इथे प्रेक्षक हसणार नाही, पैज लाव. आणि उलटंही कर, पोराचा फोन येतो तेव्हा सुमनला तिच्या घरच्या भाषेत मोकळी सोड, पूर्ण आवाजात, जलद, हुकूम सोडत, 'डबा खाल्ला का, गोळी घेतली का, बापाला फोन दे'. आत्तापर्यंत तिची भाषा कमीपणाची खूण वाटत होती, फोनवर तीच भाषा एकदम घरच्या कारभारणीची होते. आजारपणाचा तुकडा तिथेच टाक असं माझं मत. मालकिणीला सांगताना नको, फोनवर पोराशी बोलताना.

म्हणजे बघ, श्रीमंती-गरिबी तू एकेका बाईच्या गळ्यात शोधतेयस, सुमनचा आवाज कसा, मालकिणीचा आवाज कसा. तिथे नाही सापडणार. कोण कोणासमोर बदलतंय आणि कोणाला बदलावंच लागत नाही यात ती दिसते, दोघींच्या मधल्या जागेत. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप जमतं.

आता वाकण्याचं. सुमनला सरळ कर, आजच्या आज. गरीब म्हणजे वाकलेला हे कोणी शिकवलं आपल्याला देव जाणे. डोक्यावरून हंडा किंवा सरपणाची मोळी वाहून मोठी झालेली बाई तुझ्यामाझ्यापेक्षा सरळ चालते, पाठ ताठ, मान स्थिर, सगळी हालचाल कमरेखाली, कारण मान हलली की पाणी सांडतं. मासेवाल्या कोळणीची चाल बघितलीयस का, तिच्या निम्मा ताठपणा आपल्या ऑफिसातल्या लोकांत नसतो. वाकलेले आपण, लॅपटॉपवर! खरं तर तुझी नैसर्गिक आयटीवाली पाठ मालकिणीला दे, खांदे पुढे, मान फोनमध्ये, फुकटात मालकीण तयार.

काम शरीरात कुठे बसतं ते बघ. रोज चार-पाच घरच्या फरश्या उकिडवं बसून पुसणाऱ्या बाईचे पाय पूर्ण टेकलेले असतात, टाचांसकट, आणि ती बसल्या बसल्या बाजूला सरकत जाते, उठत नाही. आपल्याला टाचा टेकवून दोन मिनिटं बसता येत नाही, चवड्यावर बसतो आणि तोल जातो, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं, काय चुकतंय ते सांगता येत नाही पण कळतं. तेव्हा आजपासून घरी टीव्ही बघताना उकिडवं बसायला लाग. तालमीला खरी बादली, खरं पाणी, खरं फडकं, माइम नको. पिळताना मनगट कसं वळतं, कोपर अंगाशी कसं येतं, पिळून झाल्यावर फडकं कसं झटकलं जातं, हे एकदा हाताला समजलं की मग प्रयोगात फडकं कोरडं असलं तरी चालेल. हात ओले असताना ती फोन कसा घेते? पैसे घेण्याआधी हात कशाला पुसते? वर्षानुवर्षं गुडघे टेकलेले असतील तर जिना उतरताना कठड्याला धरून जरा आडवी उतरेल, तुझ्या सेटवर जिना नसेल पण नुसतं उठताना एक हात मांडीवर आला तरी गुडघा कळतो. एकदाच कर मात्र. दर वेळी उठताना 'आई गं' केलंस की परत लोक हसणार.

रुडॉल्फ लाबान म्हणून हालचालींचा एक मोठा अभ्यासक होऊन गेला, नाचवाला माणूस. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये तो कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली बघत होता, आणि एफ. सी. लॉरेन्स या इंजिनीअरबरोबर त्याने त्यावर १९४७ मध्ये पुस्तक काढलं. हालचालीत वजन किती, वेळ किती, दिशा सरळ का फिरती, ओघ मोकळा का आवरलेला, असे चार प्रश्न तो विचारायचा. तू सुमनला हे विचार. माझं उत्तर असं की तिच्यात वजन आहे, दिशा सरळ आहे, वेळ कमी आहे कारण पुढचं घर वाट बघतंय, आणि ओघ मालकिणीसमोर आवरलेला आणि एकटी असताना मोकळा. मालकिणीचं उलट, वजन हलकं, दिशा भटकी (किल्ली शोधतेय, चार्जर शोधतेय, काय शोधतेय तेच विसरली), वेळ भरपूर. तुला वेगळं वाटलं तर वेगळं कर, पण ठरव.

घोगरा आवाज कशासाठी काढतेस ते मला खरंच कळलं नाही. गरिबांचा घसा जन्मतः खराब असतो असं काही आहे का? आवाज कामाने घडतो, हे मात्र खरं. मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायचे तिथे, एवढा कडकडाट असायचा की शेजारच्याच्या कानात ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही, असे लोक घरी येऊनही मोठ्यानेच बोलायचे. तिकडे इंग्लंडात लँकेशरच्या कापड गिरण्यांमधल्या बायकांनी तर आवाज सोडूनच दिला होता, ओठ आणि चेहरा मोठ्ठा हलवून बोलायच्या, त्याला त्या 'मी-मॉ' म्हणायच्या, आणि सवय इतकी की घरीही खाजगी काही बोलायचं झालं की आवाज बंद करून नुसते ओठ. आपल्याकडे चाळीत गॅलरीतून खाली हाक मारणारी बाई, बाजारात भाजी विकणारी बाई, यांचा आवाज मोठा असतो पण घशातून फाटलेला नसतो, तो पुढे, नाकाच्या हाडापाशी लावलेला असतो, म्हणून दिवसभर टिकतो आणि गर्दी कापत जातो. नाकातला आवाज तू मालकिणीला दिलायस ना, तो काढून सुमनच्या हाकेला दे, खालच्या वॉचमनला हाक मारताना. तुझा घसा बसतो तो या घोगऱ्यामुळेच बसतो, स्वरतंतू आवळून ४५ मिनिटं बोललीस तर कोणाचाही बसेल. घोगरा सोड, घसा आपोआप सुटेल. सोडूनही दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र हळद-दूध पुरे, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखव.

मालकीण. खरं सांगू, तुझी मालकीण सुमनपेक्षा जास्त खोटी वाटतेय मला, नुसत्या पत्रावरून. मान वर आणि नाकात बोलणारी श्रीमंत बाई ही जुन्या सिनेमातली, बंगल्याच्या जिन्यावरून गाऊन घालून उतरणारी. तुझी मालकीण टूबीएचकेमधली आहे, ईएमआय भरतेय, ती नम्र आहे! ती 'मावशी, प्लीज जरा हे बघता का' म्हणते, स्वतःला खूप चांगली समजते, तुम्ही-आम्ही करते, दिवाळीला साडी देते. तिचा वर्ग आवाज चढवण्यात नाही दिसणार, आवाज चढवावाच लागत नाही यात दिसेल. हळू बोलली तरी ऐकलं जातं. वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं, 'ते बाल्कनीतलं पण जरा...' आणि सुमन उठते. वाक्य पूर्ण करायची जबाबदारी समोरच्यावर, हे कुठल्याही इंग्लिश शब्दापेक्षा जास्त सांगतं. सुमनची वाक्यं मात्र सगळी पूर्ण हवीत, कारण अर्धवट सोडलं तर कोण पूर्ण करणार आहे?

इंग्लिश कुठे ते पण ठरव. मुलीशी इंग्लिश, नवऱ्याशी मिक्स, डिलिव्हरीवाल्या पोराशी हिंदी (तो मराठी असला तरी, हे आपण सगळे करतो), सुमनशी साधी सोपी जरा लहान मुलाशी बोलल्यासारखी मराठी. आणि सोसायटीच्या चेअरमनबाई आल्या की हिचंही बोलणं इस्त्री होतं, जरा जास्तच. लबॉव्हलाही हेच दिसलं होतं, जपून बोलायची वेळ आली की सगळ्यात वरच्यांपेक्षा त्यांच्या एक पायरी खालचे लोक जास्त काटेकोर बोलायला जातात. सुमनने 'नाही' केलं तसं हिने चेअरमनबाईंसमोर 'ॲक्चुअली' केलं, आणि सुमन कोपऱ्यात बसून ते ऐकतेय. याला हशा येईल आणि हा हशा चालेल, घे तो.

तुम्ही-तू वर लक्ष ठेव, आयता मिळालेला दागिना आहे मराठीतला. मालकीण चांगल्या मूडमध्ये 'मावशी, तुम्ही', आणि कपाटातलं काहीतरी सापडत नाही त्या दिवशी 'तू इथेच ठेवलं होतंस ना?'. फक्त तो एक तू. त्यावर जोर देऊ नकोस, उलट पटकन बोलून जा, जणू तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. सुमनच्या लक्षात येतं. तिथे सुमनने काहीही करायचं नाही, पिळायचं थांबायचं एक क्षण आणि परत पिळायचं.

अजून एक, वर्ग आणि त्या क्षणाचा वरचढपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधले कीथ जॉनस्टोन म्हणून एक नाट्यशिक्षक होते, त्यांनी वरचढ-दुय्यम हा खेळ नटांना खूप खेळायला लावला, आणि त्यातली मजा हीच की नोकर मालकाला सहज खाली दाखवू शकतो, नुसतं न घाबरता, डोकं न हलवता, सावकाश बघून. सुमन उद्या आली नाही तर हे घर बंद पडतं, तिलाही माहितीये, मालकिणीलाही. म्हणून तिला रडकी करू नकोस. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, संघटना उभी केली होती, रडून नाही काही केली. सुमनला किमान एक प्रसंग असा मागून घे लेखकाकडून जिथे ती वरचढ आहे, पगारवाढीचा असेल तर उत्तम. तिथे ती उभी आणि मालकीण सोफ्यावर असं ब्लॉकिंग (कोण कुठे उभं, कोण कुठे बसलेलं ते) कर, म्हणजे उंचीनेच अर्धं काम होईल. पैसे हातात पडल्यावर ती मोजेल का? समोरच मोजेल का पाठ फिरवून? बर्लिनमध्ये १९४९ साली हेलेन वायगल या नटीने ब्रेख्तच्या 'मदर करेज' या नाटकात, युद्धात फिरून माल विकणाऱ्या बाईच्या भूमिकेत, कमरेच्या चामड्याच्या पिशवीचं तोंड असं काही कटकन बंद केलं की नुसत्या त्या आवाजात ती बाई आणि तिचा धंदा कळायचा, लोक अजून त्याबद्दल लिहितात. तसली एक वस्तू सुमनला शोध. ब्लाउजमध्ये ठेवलेली छोटी पर्स म्हण, मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली नोट म्हण. एकच.

आणि तो उभ्या दांड्याचा मॉप आणू नका सेटवर! नाहीतर मुद्दाम आणा, घरात तो कोपऱ्यात उभा आहे, मालकीण रविवारी स्वतः पुसते तेव्हा तो वापरते, आणि सुमनला फडकं, कारण 'हाताने पुसलं की स्वच्छ निघतं'. हे दिग्दर्शकाला सांग, त्याला आवडेल, गावठीचा विषय तेवढ्यापुरता विसरेल.

ओढणीचं. मला कल्पना आवडली पण एक धोका आहे, तू ओढणी बांधेपर्यंत लोक ओढणी बघत बसतात. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटे ५२ पात्रं करायचे, तिथे कपडा बदलून बघत बसायला वेळ कुठला, पात्र आधी नजरेत आणि आवाजात बदललेलं असायचं. तू पण क्रम बदल, आधी श्वास, मग नजर, मग ओढणी. सुमनचा श्वास काम करताना मधेच तुटलेला, शब्द पिळण्याच्या आघातावर येणारे. मालकिणीचा श्वास वर छातीत, बोलण्याआधी एक छोटा 'अं'. नजरेची उंची ठरवून टाक, सुमन खाली असते तेव्हा मालकिणीच्या गुडघ्यापर्यंतच बघते, आणि मालकीण सुमनकडे बघतच नाही, ती फरशीकडे बघते. ओले डाग राहिलेत का ते. दोघी एकमेकींच्या डोळ्यात बघतात अशी जागा पूर्ण एकांकिकेत एकदाच ठेव, कुठे ते तुझं तू ठरव, मी सांगितलं तर माझी एकांकिका होईल. नुसतं डावीकडे वळलं की ही, उजवीकडे वळलं की ती, हे टेबल टेनिस टाळ एवढंच.

तुझ्या मावशींना रेकॉर्ड करण्याबद्दल. गुपचूप अजिबात नाही. त्यांना सांग की मावशी, मी नाटकात तुमच्यासारखं काम करणाऱ्या बाईचं पात्र करतेय, मला शिकवाल का फरशी कशी पुसायची, आणि ज्या दिवशी बोलवशील त्या दिवशीच्या वेळेचे पैसे दे, शिकवणीचे म्हणून, पगारात धरून नाही. बहुतेक त्या आधी हसतील, मग तुझं फडकं पिळणं बघून जास्त हसतील, मग खरं शिकवतील. त्यांची नक्कल करू नकोस. त्यांच्या बोलण्यातला एखादा ठसका, एखादी सवय इतकी ओळखीची असते की त्यांच्या सोसायटीतलं कोणी प्रयोगाला आलं तर लगेच ओळखेल. शरीराचं काम त्यांच्याकडून शीक, आवाज तुझा तू बनव. आणि रनथ्रूला त्यांना बोलव, त्यांच्याबरोबरच्या दोघी-तिघींनाही बोलव, घरच्यांपेक्षा त्यांचा हशा कुठे येतो ते लिहून ठेव. त्या मालकिणीवर हसल्या तर तू बरोबर रस्त्यावर आहेस.

शेवटचं, अगदी तांत्रिक. तू उकिडवं बसून, मान खाली घालून बोलणार, आणि स्पर्धेच्या थिएटरमध्ये बहुतेक वेळा पुढच्या कडेला ठेवलेले माइक असतात, कपड्याला लावायचा लेपल माइक मिळेलच असं नाही. तर सुमनची बादली मध्ये मागे ठेवू नकोस, पुढे घे, आणि बसताना प्रेक्षकांकडे पाऊण तोंड ठेवून बस, म्हणजे मान खाली असली तरी आवाज फरशीवर आपटून पुढे जाईल. 'उद्या येनार न्हाई' हे पहिलं वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू गेलंच पाहिजे, कारण तिथे ते गेलं नाही तर दुसऱ्या 'नाही'चं काहीच कळणार नाही. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत बसव आणि ऐकू नाही आलं तर हात वर करायला सांग. दिग्दर्शकालाच बसव, तेवढाच लांब राहील.

– तुझी ताई